लेझरनं कॅन्सर जळतो काय? एका काकूंच्या प्रश्नाचं उत्तर



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात गेले होते. गटाची मासिक बैठक आणि हळदीकुंकू एकाच दिवशी ठेवलं होतं. वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, तिळगूळ वाटून झाला. बाया उठायला लागल्या तशा एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आमच्या घरच्यांचा आवाज पोळ्यापासून बसला हाय. आता डाक्टर म्हणते घशात काहीतरी हाय. भाचा म्हणते लेझर करा, कापाचं काम नाही, सारं जळून जाते. खरं हाय काय वो?"

मला उत्तर आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. "विचारून सांगते काकू," एवढंच बोलले. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना भेटले, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. जे समजलं ते आपल्या बोलीत इथे मांडते आहे. काकूंच्या घरी पुढे काय झालं तेही शेवटी सांगेन. त्यांना विचारूनच लिहिते आहे, नाव-गाव मात्र सांगणार नाही.

लेझर म्हणजे शेक नाही

आपल्याकडे कॅन्सरच्या इलाजात 'शेक दिला', 'लाईट दिला', 'करंट दिला' असं म्हणतात. ते रेडिएशन. त्यात मोठ्या मशीनमधून न दिसणारे किरण बाहेरून गाठीवर सोडतात. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे जावं लागतं.

लेझर वेगळं. लेझर हा सर्जनच्या हातातला चाकूच आहे, फक्त तो लोखंडाचा नाही, उजेडाचा आहे. लहानपणी आपण भिंगातून ऊन एका जागी धरून कागद जाळायचो ना? उजेड एका ठिपक्यावर गोळा झाला की तो जाळतो. लेझरचं तत्त्व समजायला एवढं पुरे. मशीनमधून निघणारा एकाच जातीचा, सरळ जाणारा उजेड एका बारीक ठिपक्यावर आणतात आणि त्यानं नेमकी तेवढीच जागा कापतात किंवा वाफ करून उडवतात.

म्हणून भाचा म्हणतो ते अर्धं खरं. 'कापाचं काम नाही' हे खरं नाही. लेझरही कापतंच. फक्त बाहेरून मान चिरावी लागत नाही, सारं काम तोंडातून आत जाऊन होतं.

बारामतीच्या मुलानं शोधलेलं लेझर

ही गोष्ट मला वाचताना सापडली आणि फार आवडली. जगातलं पहिलं लेझर १९६० मध्ये अमेरिकेत तयार झालं. पण तोंडाच्या आणि घशाच्या ऑपरेशनला जे लेझर सगळ्यात जास्त वापरतात, ते कार्बन डायऑक्साइड लेझर, शोधलं कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८ चा, आपल्या महाराष्ट्रातल्या बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये ते पदवीधर झाले, पुढे शिकायला अमेरिकेत गेले आणि १९६४ मध्ये बेल लॅबोरेटरीज या संस्थेत काम करताना त्यांनी हे लेझर तयार केलं. तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. १९९६ मध्ये अमेरिकेनं त्यांना विज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू. या वायूपासून निघणारा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण पाणी तो लगेच शोषून घेतं. आपल्या अंगातलं मांस म्हणजे बहुतेक पाणीच. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चर्रकन उडून जातो, तसं लेझर जिथे पडतं तिथल्या पेशीतल्या पाण्याची वाफ होते. उजेड फार खोल जात नाही, म्हणून आजूबाजूची चांगली जागा बरीच वाचते. कापता कापता बारीक रक्तवाहिन्याही बंद होतात, त्यामुळे रक्त कमी जातं आणि डॉक्टरला स्वच्छ दिसतं.

१९७० नंतर अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टरांनी हे लेझर सूक्ष्मदर्शकाला जोडून स्वरयंत्रावर वापरायला सुरुवात केली. पुढे जर्मनीतल्या डॉ. वुल्फगांग स्टायनर यांनी घशाचे कॅन्सर तोंडातूनच काढायची पद्धत पक्की केली. आज आपल्या देशातही मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या रुग्णालयांत अशी ऑपरेशनं होतात.

ऑपरेशन कसं होतं?

पेशंटला पूर्ण भूल देतात, म्हणजे त्याला काही कळत नाही. तोंडातून एक सरळ, पोकळ धातूची नळी घशापर्यंत घालतात. त्या नळीतून सूक्ष्मदर्शकानं आतलं मोठं करून पाहतात आणि त्याच वाटेनं लेझर सोडतात. लेझर दिसत नाही, म्हणून सोबत एक लाल ठिपका असतो. तो जिथे दिसेल तिथे लेझर पडतं.

पेशंटच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवतात. डॉक्टर-नर्सना खास चष्मे असतात. श्वासाची नळीसुद्धा वेगळ्या प्रकारची लागते, कारण प्राणवायू आणि लेझर एकत्र आले तर पेट घेण्याचा धोका असतो. सांगायचं हे, की हे काम साध्या खोलीत खुर्चीवर बसवून होण्यासारखं नाही. कोणी 'घशाचा कॅन्सर दहा मिनिटांत लेझरनं काढतो' म्हणून बोर्ड लावला असेल, तर तिथे थांबून चार प्रश्न विचारा.

स्वरयंत्रावरचं छोटं ऑपरेशन असेल तर बहुतेकदा एक-दोन दिवसांत सुटी होते. बाहेर टाका नसतो. आत पांढरट-पिवळी खपली धरते, ती काही आठवड्यांत भरून येते. काही दिवस गिळताना दुखतं, मऊ खावं लागतं. आवाजाला आराम द्यावा लागतो आणि तो पहिल्यासारखा होईलच असं नाही, घोगरा राहू शकतो. घरी आल्यावर तोंडातून रक्त आलं किंवा श्वास लागला तर वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

कोणाला चालतं, कोणाला नाही?

लेझर हा लवकर आलेल्याचा इलाज आहे. सगळ्या लेखातलं एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

*स्वरयंत्र:* आवाज ज्या दोन पट्ट्यांतून निघतो त्या लहानशा असतात. तिथे बारीकसा कॅन्सर झाला तरी आवाज बसतो, म्हणजे रोग स्वतःच लवकर हाक देतो. कॅन्सर एका पट्टीपुरता असेल तर लेझर किंवा शेक, दोन्हीनं दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात. लेझरचा फायदा हा की काम थोडक्या दिवसांत होतं, आणि पुढे कधी गरज पडली तर शेकाचा रस्ता शिल्लक राहतो. पण हाच रोग वाढला तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागू शकतं. मग गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो आणि बोलणं नव्यानं शिकावं लागतं.

*जीभ, गालाची आतली बाजू:* छोटा कॅन्सर असेल तर लेझरनं काढता येतो. पण इथे साध्या चाकूनं किंवा विजेच्या सुरीनं केलेलं ऑपरेशनही तेवढंच चांगलं असतं. महत्त्व हत्याराला नाही, रोगाभोवतीची थोडी चांगली जागाही सोबत निघाली की नाही याला आहे. म्हणून 'लेझर नाही तर ऑपरेशनच नको' असं म्हणून कोणी दिवस घालवू नका.

*पांढरा किंवा लाल चट्टा:* हा अजून कॅन्सर नसतो, पण पुढे होऊ शकतो. त्यातही लाल चट्टा जास्त धोक्याचा. आधी तुकडा तपासून मग लेझरनं किंवा चाकूनं असा चट्टा काढता येतो. मात्र चट्टा निघाला म्हणजे धोका संपला असं नाही, तो परत येऊ शकतो. तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

*मोठी गाठ, जबड्याच्या हाडात गेलेला रोग:* इथे लेझरचं काम नाही. मोठं ऑपरेशन, शेक, सलाईनमधून केमोची औषधं असा इलाज लागतो. त्यानंही माणसं बरी होतात, पण त्रास, खर्च आणि दिवस सगळंच वाढतं.

खर्रा त्या वाटेचं दारच बंद करतो

लेझर तोंडातून जातं हे आपण पाहिलं. आता विचार करा, तोंडच उघडत नसेल तर?

आपल्या वऱ्हाडात खर्रा काय आहे हे मी सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरतात. सुपारीनं गालाच्या आतली नरम कातडी हळूहळू पांढरी, कडक होते, हात लावला तर दोरी ताणल्यासारखी लागते. आधी तिखट झोंबायला लागतं, ठेचा खाता येत नाही. मग भाकरीचा घास मोडून घालावा लागतो. मग तोंडात तीन बोटं जात नाहीत, पुढे दोन, पुढे एक. अशा माणसाला स्वरयंत्राचा अगदी छोटा कॅन्सर झाला तरी ती सरळ नळी आत घालता येत नाही. लेझर असून उपयोग नाही.

कोणी म्हणेल, "मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी खातो." जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. आणि हे फक्त माणसांचं दुखणं नाही बरं का! २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर १०० मोठ्या बायांमागे १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या. मिसरी ही तंबाखूच आहे. 'दात साफ करायला लावते' म्हटल्यानं तिचा गुण बदलत नाही.

गटाच्या भाषेत हिशोब करू. समजा २० रुपयांची पुडी, दिवसाला दोन. महिन्याचे १,२०० रुपये झाले, वर्षाचे १४,४००. आपण गटात महिन्याला १०० रुपये टाकतो तर वर्षाचे १,२०० होतात. म्हणजे जेवढं आपण वर्षभर जमवतो तेवढं एका महिन्यात थुंकून जातं.

"लोखंड लागलं की पसरते"

हे वाक्य मी किमान पाच गावांत ऐकलं. तुकडा काढून तपासला की कॅन्सर भडकतो, असं लोक समजतात आणि तपासणीलाच जात नाहीत. मग सहा महिन्यांनी रोग वाढल्यावर जातात, तेव्हा तुकडा काढतात, आणि पुढे पेशंट गेला की गाव म्हणतं, "पाहा, लोखंड लावलं अन् गेला." दोष लोखंडाचा नाही, त्या सहा महिन्यांचा.

तोंडातल्या किंवा घशातल्या जखमेचा छोटा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. उलट तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की नाही हेच समजत नाही. आणि न तपासता कोणी थेट लेझरनं जाळून टाकलं, तर काय जाळलं ते कधीच कळणार नाही. म्हणून आधी तुकडा, मग इलाज.

मानेच्या गाठीचं काय?

जिभेचा कॅन्सर छोटा असला तरी त्याच्या काही पेशी मानेतल्या गाठींत जाऊन बसलेल्या असू शकतात. बाहेरून हात लावून त्या समजत नाहीत. यावर टाटा मेमोरियल रुग्णालयानं मोठा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. तोंडाचा छोटा कॅन्सर असलेल्या काही पेशंटच्या मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, काहींच्या 'दिसल्या तर काढू' म्हणून ठेवल्या. तीन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातले १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्या गटातले साधारण ६७.

म्हणजे तोंडातली जागा लेझरनं काढली तरी डॉक्टर 'मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील' म्हणाले, तर तो पैसे उकळायचा धंदा समजू नका. त्यामागे आपल्याच मुंबईच्या दवाखान्यातला पुरावा आहे. स्वरयंत्राच्या पट्टीवरच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मात्र बहुतेकदा याची गरज पडत नाही, कारण तिथून तो लवकर मानेत उतरत नाही.

डॉक्टरला हे प्रश्न विचारा

विचारायला लाजू नका. वाटल्यास वहीत लिहून न्या, मुलगी-सून शिकलेली असेल तर तिला सोबत न्या.

१. तुकडा तपासला काय? रिपोर्टमध्ये काय आहे?
२. रोग कोणत्या टप्प्यात आहे? मानेत गेला आहे काय?
३. आमच्या पेशंटला लेझर, साधं ऑपरेशन की शेक, काय बरं? का?
४. आवाजावर, खाण्या-गिळण्यावर काय परिणाम होईल?
५. हा इलाज योजनेत बसतो काय? बाहेरून काय विकत आणावं लागेल?
६. नंतर तपासणीला किती वेळा यावं लागेल?

कुठे जायचं आणि पैशाचं काय?

सुरुवात गावातूनच करा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आरोग्यवर्धिनी केंद्रात मोफत होते. आशाताईंना सांगा. तिथून पुढे अमरावतीचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन, किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सर निघालाच तर नागपूरला कॅन्सरची मोठी रुग्णालयं आहेत. त्यातलं एक तर आपल्याच गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. लेझरचं मशीन सगळीकडे नसतं. गरज असेल तर कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर सांगतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा इलाज मिळतो, कॅन्सरही त्यात आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, भरती व्हायच्या आधी त्यांना भेटा. रेशन कार्ड, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड सोबत ठेवा. चौकशीचा मोफत नंबर १५५३८८ किंवा १८००-२३३-२२००.

मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. राहायला दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांच्या नावाच्या त्या छताखाली गावोगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात.

बैठकीत हे करा

केरळात तिरुवनंतपुरमला एक अभ्यास झाला. गावोगावच्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी, डॉक्टर नसलेल्यांनी, फक्त उजेडात तोंड उघडून पाहिलं. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले होते. मशीन नाही, सुई नाही, फक्त पाहणं आणि पुढे पाठवणं.

आपण आरोग्य कार्यकर्त्या नाही, पण स्वतःचं आणि एकमेकींचं तोंड पाहू शकतो. महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी पाच मिनिटं काढा.

• आधी चूळ भरा. आरशासमोर उजेडात किंवा टॉर्च घेऊन बसा.
• ओठ उलटून पाहा, मग दोन्ही गाल, हिरड्या, टाळू.
• जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ वर करून खालची बाजू पाहा.
• तीन बोटं उभी धरून तोंडात जातात काय ते पाहा.
• मानेवरून, जबड्याखालून हात फिरवा, गाठ लागते काय?

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, मानेत न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं, एकाच कानात सतत ठणका, कारण नसताना हलणारा दात: यातलं काहीही असलं तर घाबरू नका, पण थांबूही नका. बहुतेक वेळा कॅन्सर निघणार नाही. निघालाच तर लवकर निघेल.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. एकदा सोडून पुन्हा धरली असेल तरी परत लावा, ते रागवत नाहीत.

काकूंच्या घरी काय झालं?

काकांना पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत सर्दीच्या गोळ्यांवरच ठेवलं होतं. मोठ्या दवाखान्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं, तिथूनच तुकडा घेतला. कॅन्सर निघाला, पण अजून एकाच पट्टीवर होता. डॉक्टर म्हणाले, लेझर करता आलं असतं. पण पंधरा वर्षांच्या खर्ऱ्यानं काकांचं तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं. नळी जाणार नव्हती. मग शेक ठरला. दोन दिवसांच्या कामाला साडेसहा आठवडे लागले. नागपूरला खोली करून राहिले, घरचा हरभरा दिरानं काढला. गटानं बैठक बोलावून १५,००० रुपये अंतर्गत कर्ज दिलं, त्याचे हप्ते काकू वेळेवर भरत आहेत. काकांचा आवाज हळूहळू सुटतो आहे आणि डॉक्टर चांगलं सांगतात.

पण मला सांगायची गोष्ट दुसरीच आहे. मधल्या एका बैठकीत आम्ही टॉर्च घेऊन एकमेकींची तोंडं पाहिली. सगळ्या हसत होत्या. काकू मागे सरकल्या, "माह्यं काय पाहता, मले काही नाही झालं." खूप म्हटल्यावर बसल्या. खालच्या ओठाच्या आत, जिथे त्या वीस वर्षं मिसरी लावत होत्या, तिथे चट्टा होता. पांढरा, नखाएवढा.

मी विचारलं, "काकू, हे कधीपासून आहे?"

"असंन दोन वर्सं. दुखत नाही ना वो."

दोन वर्षं! घरच्यांच्या आवाजासाठी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. स्वतःच्या चट्ट्याबद्दल एक शब्द नाही. त्यांना नेलं, तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढला, त्याच दिवशी घरी आल्या. लेझरनं नाही, साध्या चाकूनं. मिसरीची डबी त्यांनी चुलीत टाकली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, पुढची तारीख गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, म्हणजे विसरायचं काम नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर वसुलीच्या आधी एक ओळ लिहा: तोंड पाहणे. ग्रामसंघाकडे टॉर्च नसेल तर घ्या. आणि आपला नंबर आला की काकूंसारखं मागे सरकू नका.

आपली,
क्षेत्र समन्वयक